दाजींच्या छातीतून काढलेला आवाज

तीर्थरूप दाजींच्या चरणी मेहुण्याचा (तुमच्या भाषेत, कानसेनाचा) साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे ठीक, तिकडेही तसंच असावं, असं मी दरवेळी लिहितो. या वेळीही लिहायला घेतलं, पण पेन 'तिकडेही'पाशी येऊन अडलं. तेव्हा सरळ विचारतो. कसे आहात? दम लागतो का? जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून भिंतीचा रंग बघत उभे राहायचात, ते अजून चालू आहे का? (त्या भिंतीला रंगच नाही, हे अक्काने मला केव्हाच सांगितलंय.) रात्री दोन उशा लागत होत्या त्या आता तीन झाल्यात असं कळलं. तुम्ही म्हणता उशीतला कापूस बसला. असेल. कापूस बसतो.

पहिली विनंती, हे पत्र खुर्चीवर बसून वाचा. दुसरी, वाचून होईपर्यंत पाण्याच्या टाकीच्या टेकडीकडे फिरकू नका, शेजारच्या टेलरमास्तरांनी खालून कितीही टोमणे मारले तरी. तिसरी, गॅरेजात कुठलाही गिअरबॉक्स उचलू नका. उघडा पडला असेल तर पडू द्या. मला तुमच्या छातीबद्दल लिहायचं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भांडं आधीच पुढे करून ठेवतो: त्या दिवशी रुग्णालयात तुमचं हृदय 'एकदम स्वच्छ' म्हणून सांगितलं गेलं, त्यावर विश्वास ठेवू नका. का ते सांगतो. पण सांगताना मी जरा वळणावळणाने जाणार आहे, कारण सरळ रस्त्याने जायची मला लाज वाटते.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणणार नाही, कारण फोन तुम्ही उचलतच नाही. जन्मभर ऐरणीशेजारी उभं राहिल्यावर कानाला फोन लावून माणसाला ऐकू तरी काय येणार. तुमच्या वाटचं सगळं अक्का ऐकते आणि तुम्हाला तिच्या मर्जीप्रमाणे गाळून देते. मागे मी अर्धा तास क्लचबद्दल विचारत होतो, ते तुमच्यापर्यंत 'तो बरा आहे' एवढंच पोहोचलं. हे असं गाळून पोहोचायला नको म्हणून कागदावर लिहितोय. अक्काला पत्र दाखवू नका. घाबरेल.

आता मुळापासून. माझा धंदा लाउडस्पीकरचा. चार माणसं जमली आणि पाचव्याला बोलायचं असलं की तिथे मी हजर. मोठ्या रुग्णालयाच्या अधीक्षकांचा निरोपसमारंभ होता (ते निवृत्त होणार होते, मग झाले नाहीत, समारंभ मात्र झाला). मी सभागृहात वायरी ओढत होतो, तर पलीकडच्या खोलीतून कुणीतरी सारखं 'काय म्हणालात? परत सांगा, काय म्हणालात?' असं विचारत होतं. मला वाटलं एखादे बहिरे आजोबा असतील. डोकावून बघतो तर खोलीत आजोबा नाहीत, एक टेबल, एक गोंधळलेली रुग्ण बाई, आणि पडद्यावर चष्मा लावलेले एक मोठे डॉक्टर. हृदयाचे. दूर परदेशात आपल्या खोलीत बसून इथल्या माणसांना तपासत होते. म्हणजे तपासू बघत होते. वरचा पंखा छतापाशीच्या कपासकट हलत होता, खिडकीच्या बाहेर जनरेटर, आणि जनरेटर चालू झाला की लोखंडी कपाट त्याच्या सुरात सूर मिसळून गुणगुणायचं. त्या बाईचं बोलणं या सगळ्यातून डॉक्टरांपर्यंत पोहोचणं म्हणजे बाजाराच्या दिवशी या टोकाहून त्या टोकाला सुई विकणं.

मी अधीक्षकांना म्हणालो, साहेब, रुग्णाचं नंतर बघा, आजारी तुमचा पंखा आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण अधीक्षकांना ती जीभ आवडली आणि दुसऱ्या आठवड्यात मी 'प्रशिक्षक' झालो. ज्याचं शिक्षण तुमच्या गॅरेजात खोक्यावर बसून झालं, त्याला रुग्णालयाच्या दारावर 'सर' म्हणून सलाम. मी मागे वळून बघायचो, सर कुठे आहेत ते.

त्याचं असं झालं होतं. परदेशातल्या एका संस्थेने आपल्यासारख्या देशांतल्या रुग्णालयांना पेटारे पाठवले होते. पेटाऱ्यात कॅमेरा, पडदा, आणि एक विजेचा स्टेथोस्कोप: छातीला लावायची चकती तीच, पण कानात घालायच्या नळ्यांऐवजी वायर, जी संगणकात जाते आणि तिकडे डॉक्टरांच्या कानात निघते. सामान आलं, पण ते चालवायचं कुणी हे पेटाऱ्यात आलं नव्हतं. मग संस्थेचा माणूस आला. त्याने लहान-लहान रुग्णालयांतल्या तंत्रज्ञांना बोलावून पडद्यावर बाण आणि वर्तुळं दाखवली, सगळ्यांना एकेक पिशवी दिली आणि विमानाने परत गेला. पिशवी मजबूत होती. एक्स-रेवाले अजून तीत डबा आणतात. यंत्रं मात्र पेटाऱ्यातच राहिली. ती बाहेर काढून या लोकांना हाताळायला शिकवायचं, ते काम माझ्याकडे आलं.

दाजी, हे लोक कामाला वाईट नाहीत. उलट आपापल्या कामात इतके मुरलेले की दुसरं काही आत शिरायला जागा नाही. एक्स-रेवाल्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं की तोंडातून पहिला शब्द 'श्वास रोखा'. रुग्णाला म्हणायचे तर ठीक. पडद्यावर डॉक्टर दिसले की त्यांनाही 'श्वास रोखा'. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी खरंच रोखला. चांगले आहेत बिचारे, त्यांना वाटलं इथली पद्धत असेल. नंतर यांना 'सोडा' म्हणायची आठवण राहिली नाही, ते मला म्हणावं लागलं.

ईसीजीच्या बाईंचं (आम्ही त्यांना पट्टीवाल्या बाई म्हणतो) उलट. त्यांची आयुष्यभराची शिकवण: हलायचं नाही, बोलायचं नाही. त्या रुग्णाला खुर्चीवर बसवायच्या आणि असं काही दरडावायच्या की तो पुतळा व्हायचा. तिकडून डॉक्टर विचारताहेत, कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, आणि इकडे रुग्ण पापणीसुद्धा लववत नाही. डॉक्टरांना वाटायचं चित्र गोठलं. ते बंद करून परत जोडायचे. परत तोच माणूस, तीच मुद्रा. एका शेतमजुराला त्यांनी असं चार वेळा जोडलं. शेवटी त्याला शिंक आली तेव्हा डॉक्टरांना केवढा आनंद झाला.

आणि वायरमन. त्याला माझाच रोग. हातात माइक आला की त्यावर बोटाने टकटक करून 'हॅलो हॅलो' म्हटल्याशिवाय चैन पडत नाही. चकतीसुद्धा त्याच्या लेखी माइकच. रुग्णाच्या छातीवर ती ठेवली आणि वर टिचकी मारून तीत तोंड घालून हॅलो म्हणाला. तिकडे डॉक्टरांनी कानातलं उपटून टेबलावर फेकलं आणि बराच वेळ आपल्या बायकोशी मोठमोठ्याने बोलत राहिले. रुग्ण म्हणाला, आत कुणी नाही हो.

हे सगळं मी हळूहळू ताळ्यावर आणलं. पंखा उतरवला. कपाट व्हरांड्यात काढलं. भिंतींना गाद्या-गोधड्या लावल्या, जनरेटरच्या पायाखाली जुने टायर घातले (ते तुमच्याच गॅरेजातले, तुम्ही विचारलंत तेव्हा मी 'झोपाळ्याला हवेत' म्हणालो होतो). एक्स-रेवाल्यांना कॅमेऱ्याचा उजेड शिकवला, बाईंना रुग्णाला 'बोला, बोला' म्हणायला शिकवलं (अजून त्या ते दरडावूनच म्हणतात), वायरमनला टिचकी मारायला एक रिकामा डबा दिला. इथवर मी थांबलो असतो तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती, आणि टायरांचं तुम्हाला कधीच कळलं नसतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं माझं झालं.

खोली शांत झाली, तरी चकतीतून आवाज येत होता तो मला पसंत पडेना. एक ठोका, मग दुसरा, आणि मधल्या जागेत सगळी खसखस: कातडीला चकती घासते, पोटात गुडगुडतं, श्वास वाहतो, कपडा सरकतो. सभागृहात असा माइक मी कुणाला दिला असता तर माझी अब्रू गेली असती. माझ्याकडे एक छोटी पेटी आहे. तिला मी 'दारवान' म्हणतो. भाषण करणारा बोलतो तेव्हा ती दार उघडते, तो थांबला की बंद करते, म्हणजे त्याच्या दोन वाक्यांच्या मधलं खोकणं, घसा खाकरणं, शेजारच्याची कुजबुज बाहेर जात नाही. मोठ्या आवाजाला आत घ्यायचं, बारक्याला दारातूनच परत लावायचं, एवढंच तिला येतं. कुणाला न विचारता मी तो दारवान चकतीच्या वायरीत बसवला. आणि दाजी, काय आवाज आला म्हणून सांगू. ठोका. शांतता. ठोका. शांतता. जशी स्वच्छ फरशीवर एकेक गोटी टाकावी.

मोठे डॉक्टर खूश झाले. म्हणाले, इतका साफ आवाज मला माझ्या दवाखान्यातही मिळत नाही, हे कसं केलंत? मी म्हणालो, धंद्यातली गोष्ट आहे. (तेव्हाच सांगितलं असतं तर. पण त्या वेळी कुणीतरी मला सर म्हणालं आणि मी परत मागे वळून बघायचं विसरलो.) मी सगळ्या तंत्रज्ञांना दारवान लावायला शिकवलं. ते हौसेने शिकले, कारण त्यात डॉक्टर कमी आणि मी जास्त होतो. त्यांच्या लहान रुग्णालयांसाठी मी तसल्या आणखी पेट्या बनवून दिल्या. अधीक्षकांनी माझा फोटो व्हरांड्यात लावला. दुसऱ्या देशांतल्या रुग्णालयांत शिकवायला तुम्हालाच पाठवू म्हणाले. मी कोट शिवायला टाकला. टेलरमास्तरांकडेच टाकला, त्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच.

आणि त्याच दिवसांत अक्का तुम्हाला घेऊन आली. जिना, उशा आणि भिंतीचा रंग यांची तक्रार घेऊन. तुम्ही बाकावर बसून जनरेटर ऐकत होतात आणि 'याचं एक नोझल चुकतंय' असं शेजारच्या रुग्णाला सांगत होतात. मी तुम्हाला ओळीतून पुढे काढलं. (ओळीतल्या एका आजीने माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली.) चकती मी माझ्या हाताने लावली. बाईंना लावू दिली नाही. माझे दाजी आहेत, म्हणालो.

मोठ्या डॉक्टरांनी ऐकलं आणि म्हणाले, हृदय एकदम स्वच्छ, वयाचा थकवा आहे, रोज थोडं चालत जा, चढत जा. तुम्ही उठलात ते दहा वर्षांनी लहान होऊनच. जिन्यावरून खाली जाताना मला ढकललंत आणि म्हणालात, कानसेना, इंजिन अजून नवं आहे. त्यानंतर गॅरेजातल्या माणसाला गिअरबॉक्स उचलू न देता तुम्ही स्वतः उचलायला लागलात आणि टेलरमास्तरांशी टाकीच्या टेकडीची पैज लावलीत, हे अक्काने हसत हसत सांगितलं. मीही हसलो. मनात म्हणालो, बघ, हे तू केलंस.

मग गेल्या आठवड्यात डॉक्टरांसमोर एक शाळामास्तरीण बाई आल्या. शिडशिडीत, छत्री हातातून न सोडणाऱ्या. पट्टीवाल्या बाईंनी चकती लावली, दारवान आपल्या जागी होता. डॉक्टर ऐकत राहिले. चकती इकडे सरकवा म्हणाले, तिकडे सरकवा म्हणाले, परत ऐकत राहिले. मग मला पडद्यासमोर बोलावलं. म्हणाले, गेल्या वर्षी मी तिकडे आलो होतो तेव्हा या बाई स्वतः माझ्याकडे आल्या होत्या. यांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, तिथून रक्त मागे गळतं, आणि गळताना दोन ठोक्यांच्या मध्ये फुसफुस असा एक आवाज येतो. मी माझ्या कानाने ऐकलेला आहे. आज तो येत नाही. तो आवाज कुठे गेला?

मी छाती पुढे काढून म्हणालो, काढला, साहेब.

दाजी, तिकडून काहीच आवाज आला नाही. इतका नाही की मला वाटलं दारवानाने डॉक्टरांवरच दार लावलं. मग त्यांनी हळू विचारलं, काढला म्हणजे? मी सांगितलं. मोठ्याला आत घ्यायचं, बारक्याला परत लावायचं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, मला त्या बारक्यासाठीच बसवलंय हो. ठोके तर मला बाईंच्या मनगटावरही मिळतात. नंतर स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, मी इथे सगळ्यांना सांगत होतो की तिकडच्या लोकांची हृदयं फार चांगली आहेत. काहीतरी पाण्यात असेल, असा लेखही लिहायला घेतला होता.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. चिडले नाहीत. म्हणाले, चूक माझीही आहे, इतकी स्वच्छ हृदयं एका ओळीत आली तेव्हाच मी विचारायला हवं होतं. मोठ्या माणसाने अशी अर्धी चूक उचलली की उरलेली अर्धी आपल्याला पुरी होऊन लागते.

त्याच दिवशी दारवान काढले. सगळीकडचे. एक्स-रेवाले आणि पट्टीवाल्या बाई अजून गावोगाव फिरून लोकांना परत बोलावताहेत. 'तुमचं हृदय स्वच्छ आहे' हे ऐकून जो माणूस आनंदाने घरी गेला, त्याच्या दारात उभं राहून 'जरा परत या' म्हणणं किती जड जातं, ते बाईंकडून ऐकलं. एका घरी त्यांना चहा मिळाला, एका घरी कुत्रं अंगावर सोडलं. दोन्ही ठिकाणी त्या म्हणाल्या तेच, बोला, बोला. बहुतेक माणसं खरोखरच निरोगी निघाली. काहींची गळती थोडी, औषधावर भागेल अशी. एका विणकराला मात्र ऑपरेशनला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झालेला नाही. मी त्या विणकराला दारापर्यंत सोडायला गेलो. तो माझेच आभार मानत होता. उशीर झाला नसेल, पण केला होता, आणि कुणी केला ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, तुमचा फोटो आहे ना व्हरांड्यात? (फोटो उतरवा असं मी अधीक्षकांना तीनदा म्हणालो. खिळा निघत नाही म्हणतात.)

वर्गात मी नवा धडा सुरू केलाय. पंखा, खिडकी, कपाट, बडबड, यातलं जे बंद करता येईल ते बंद करा. पण चकती एकदा छातीवर टेकली की तिच्यातून जे येईल ते त्या माणसाचं आहे, त्याला हात लावायचा नाही, मग ते कानाला कितीही टोचो. वायरमनने विचारलं, सर, म्हणजे आधी शिकवलंत ते चूक? हो म्हणालो. तो डब्यावर टिचकी मारत बसला. त्याच्या तोंडून सर पहिल्यांदाच बरं लागलं नाही.

आता बुडखा. एवढा वेळ शेंडाच हलवत होतो, आणि तुम्हाला बोलवायला आठवडा लावला तोही याच्याच लाजेने.

त्या दिवशी तुमच्या छातीवर चकती लावल्यावर दारवान लगेच चालू केला नव्हता. आधी कानाला हेडफोन लावून मी ऐकलं. तुमच्या दोन ठोक्यांच्या मध्ये एक बारीक सूंऽऽ येत होतं. लांबलचक, घासत गेलेलं. ते माझ्या ओळखीचं होतं. पाण्याच्या पंपाची झडप पुरती बसत नसली की येतं ते. तुमच्याच गॅरेजात, पान्ह्याचं एक टोक पंपाला आणि दुसरं कानाला लावून, तुम्हीच मला ऐकवलं होतं. आणि मी काय केलं, तर कपाळाला आठ्या घालून म्हणालो, छे, दाजींचा आवाज असा फुसका जाऊन कसा चालेल. बाकीच्यांच्या वेळी दारवान एकदा लावून सोडून देत असे. तुमच्या वेळी बारीक बारीक फिरवत बसलो, ते सूंऽऽ पुरतं जाईपर्यंत. सगळ्या रुग्णांपेक्षा जास्त मन लावून साफ केलेला आवाज तुमचा आहे.

तुमच्याकडे ते एक गिऱ्हाईक यायचं बघा, इंजिनाचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून गाडीतला रेडिओ मोठा लावणारं. तुम्ही काही न बोलता आधी रेडिओ बंद करायचात आणि मग त्याच्याकडे नुसतं बघायचात. तसं बघणं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. या खेपेला आलात की बघा. मी समोर उभा राहीन.

तुम्ही म्हणाल, मला काही झालेलं नाही, खुद्द डॉक्टरांनी सांगितलंय. दाजी, ते डॉक्टरांनी नाही सांगितलं. मी सांगितलं, त्यांच्या तोंडून. झडप कितपत बसत नाही, काही करायला लागेल की नुसत्या गोळ्यांवर भागेल, हे मला कळत नाही. कळतं असं वाटलं म्हणून तर हे झालं. कदाचित काहीच नसेल आणि तुम्ही मला त्या जिन्यावरून परत ढकलाल. ढकला. पण ऐकू द्या त्यांना.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. टेलरमास्तरांना सांगा, कोट नको, कापड परत घ्या.

तुमचा मेहुणा,
(आता हे नाव लावू की नको, तुम्ही ठरवा) कानसेन

ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्याने आणून दिलं तो माझा ड्रायव्हर अंगणात उभा आहे, आणि पत्र वाचून झाल्यावर तुम्हाला घेऊनच निघायचं असं त्याला सांगितलंय. मोठे डॉक्टर उद्या सकाळी फक्त तुमच्यासाठी बसणार आहेत. चकती पट्टीवाल्या बाई लावतील. मी खोलीत नसेन, बाकावर असेन.

ता. क. २. अक्काला दाखवू नका असं वर लिहिलंय खरं, पण सगळं पत्र मी तिला काल फोनवर वाचून दाखवलं. तिने या वेळी काही गाळलं नाही, सगळं ऐकलं. मला वाटलं रडेल. म्हणाली, मुद्द्यावर यायला तुला एवढी पानं कशाला लागली, पहिली फाडून टाक. मग म्हणाली, तीन उशा यांच्याबरोबर देऊ का रे, की तिथे मिळतील? तेव्हा तुमची पिशवी भरून दारामागे ठेवलेली आहे. तुम्ही बसून वाचताय ना, त्याच खुर्चीच्या मागे तीही उभी असेल. मागे वळू नका. तिला डोळे पुसू द्या.

ता. क. ३. तुम्ही सहजासहजी निघणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून गाडी माझी स्वतःची पाठवली आहे. तिच्या इंजिनात गेल्या महिन्यापासून एक आवाज आहे. चढाला लागली की येतो, उताराला जातो. दोन मेकॅनिकांना कळला नाही, आणि मी तो काढलेला नाही. बोनेट अंगणात उघडू द्यायचं नाही असं ड्रायव्हरला बजावलंय, तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नका. पुढच्या सीटवर बसा, काच खाली करा, आणि रस्ताभर ऐकत या. रेडिओ मी काढून ठेवला आहे.